पंचेचाळीस अंशांचा गोळा

११ नोव्हेंबर
गोळा आणला. लोखंडी, चार किलोचा. विकणारा म्हणाला, बरोबर चार आहे. मी आपल्या दुकानातल्या, तांब्याची तार तोलायच्या काट्यावर ठेवला. बारा ग्रॅम जास्त भरला. भक्तीला सांगितलं, असू दे, सरावाला जड तर परीक्षेला हलका वाटेल.
"अप्पा, फेकू का?"
आधी नियम, म्हणालो. गतीचे तिन्ही नियम समजल्याशिवाय गोळ्याला हात लावायचा नाही.
नियम सांगता सांगता अंधार पडला. गोळा फेकायचा राहिला.

१२ नोव्हेंबर
भक्तीला पोलीस व्हायचंय. पाथरीच्या व्यंकटरावांना ती सून म्हणून हवीय. मीच त्यांना शब्द देऊन बसलोय — ह्या भरतीत जमलं नाही तर उन्हाळ्यात लग्न. भक्तीनं ऐकलं आणि भाकरी मोडत राहिली.
धावण्यात तिला कुणाची गरज नाही, वालूरच्या पोरांना मागं टाकते. कच्ची आहे ती गोळ्यात. आणि गोळा म्हणजे निव्वळ भौतिकशास्त्र. ह्या गावात ते येणारा माणूस एकच, अस्मादिक. पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, दहावी नापास आहे, पण रद्दीतून आणलेलं अकरावीचं पुस्तक पाठ करून बसलाय. आणि बसलाय ते बसलाय, समोरच्यालाही उठू देत नाही — हे हिचं, भक्तीच्या आईचं मत.

१५ नोव्हेंबर
आज तिसरा नियम प्रात्यक्षिकासह. शाळेमागच्या माळावर भक्तीला म्हणालो, गोळा हातानं जात नाही, पायानं जातो. पाय जमिनीला मागं रेटतो, जमीन तितक्याच बलानं आपल्याला पुढं रेटते. बघ.
चप्पल काढायची राहिली. पाय मागं सरकला, गोळा तिथंच पडला, मी गोळ्याच्या पुढं पडलो. अंतर मोजायचं झालं तर माझंच मोजावं लागलं असतं.
घरी ही कमरेला बाम चोळताना म्हणाली, "जमिनीनं रेटलं का मग?"
रेटलं. नियम बरोबर आहे.

२४ नोव्हेंबर
मुख्य मुद्द्याला हात घातला. कोन. पुस्तकात आकृतीसह दिलंय — वस्तू पंचेचाळीस अंशांत फेकली की सगळ्यात लांब जाते. भक्ती फेकते फार आडवं, माझ्या मापानं चाळिसाच्याही खाली. म्हणजे मुलीचं बल वाया चाललंय आणि बाप नुसता बघतोय!
दोन बांबू रोवले. ओळंबा लावला, कोन मापकानं मोजला, वर दोरी ताणली. गोळा दोरीवरून गेला तर कोन बरोबर, खालून गेला तर चूक. एवढी नेमकी सोय परभणीच्या अकॅडमीतही नसेल.
दिवसभर दोरीखालून गोळा गेला. एकदा दोरीलाच लागला. बांबू माझ्या अंगावर.

३ डिसेंबर
आता गोळा दोरीवरून जातो. अंतर मात्र घटलं. टेप दोनदा लावून बघितली. वीतभर कमी.
भक्ती म्हणाली, "अप्पा, दोरी लय वर हाय. सगळा जोर वर जायलाय, पुढं जाईना."
मी म्हणालो, जोर नाही, बल म्हण. जोर हा शब्द शास्त्रात नाही.
ही डबा घेऊन आली होती. "जोर म्हणा न्हाईतर बल म्हणा, गोळ्याला मराठी येतंय का?"
मायलेकी हसल्या. मी टेप गुंडाळली. माळावरची माती मऊ आहे, पाय रेटताना दबते, त्यामुळं अंतर घटत असावं.

९ डिसेंबर
माती बदलून मुरूम टाकला. अंतर तेवढंच. वारा असावा.

१९ डिसेंबर
वारा नव्हता.

२ जानेवारी
कोन एकदम पक्का बसला. डोळे मिटून फेकला तरी पंचेचाळीस. अंतराचं काय ते परीक्षेत बघू. उत्साहानंही बल वाढतं म्हणतात. पुस्तकात नाही, पण म्हणतात.

१३ फेब्रुवारी
मैदानी चाचणी झाली. परभणीला पहाटेच गेलो. आत फक्त उमेदवार. पालक कुंपणाबाहेर, धुळीत. धावण्यात भक्ती पुढंच होती. गोळ्याची वेळ आली तर माझ्यापुढं पन्नास डोकी. एका टेम्पोच्या हौदात चढलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, उतरा की, ज्वारीची पोती हायेत." म्हणालो, पोत्यांना धक्का लागणार नाही.
तिची नजर कुंपणावरून फिरत माझ्यापर्यंत आली. मी उजवा हात तिरका वर धरला. पंचेचाळीस. बस थांबवणाऱ्या माणसासारखा दिसत असणार. एक रिक्षा खरंच थांबली.
गोळा सुंदर गेला. वर, अगदी आकृतीसारखा. पूर्ण गुणांच्या रेषेच्या अलीकडे पडला. किंचितच. पुढचे दोन्ही तिथंच.
येताना एसटीत भक्ती खिडकीला डोकं टेकून झोपली. झोपली असावी.

१५ फेब्रुवारी
पुस्तक पुन्हा काढलं. आकृती तीच. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे — फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तर.
गोळा खांद्याच्या वरून सुटतो. पडतो जमिनीवर. पातळी एक कशी असेल?
कागदावर गणित मांडलं. उत्तर चाळिसाच्या खाली येतं. आडवं फेकताना हाताला जोर जास्त मिळतो तो वेगळाच. जोरच लिहितो. म्हणजे पहिल्या दिवशी ती फेकत होती तेच बरोबर होतं.
गिऱ्हाइकाची मोटार जळून आली की मी त्याला झापतो — पाटीवरचं बारीक अक्षर का वाचलं नाही? पुस्तकाची आकृती मला पाठ आहे. ओळ पाठ नाही. ओळीत आकृती नव्हती ना.

१६ फेब्रुवारी
भक्तीला सांगितलं. सांगायला सकाळपासून संध्याकाळ लागली. मध्ये तिला दोनदा पाणी मागितलं.
ती म्हणाली, "ठाव हाय मला. तुमी दुकानात गेल्यावर आई दोरी सोडायची. तवा गोळा पुऱ्या गुणांच्या रेषेच्या पुढं जायचा."
मग चाचणीत का तसं फेकलं नाही?
"तुमी टेम्पोवर हात करून उभे होतात."
माझं ऐकायचं कशाला?
"ऐकलं न्हाई. तुमाला बघितलं आन् हात आपोआप वर गेला. तिन्ही वेळेला." मग म्हणाली, "जाऊ द्या. यादी लागायचीय अजून."
ही चुलीपुढं होती. आज हिनं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

४ मार्च
लेखी परीक्षेसाठीची यादी लागली. भक्तीचं नाव नाही. एका गुणानं.
ती माळावर जाऊन बांबू उपटून आली. कोपऱ्यात नीट उभे करून ठेवले. जेवली. व्यंकटरावांचा फोन येऊन गेला असं हिनं सांगितलं — तारीख धरायला कधी येऊ, विचारत होते. भक्ती ताट उचलताना म्हणाली, "सांगा त्यांना, या म्हणून. तुमचा शब्द हाय."

५ मार्च
पाथरीला फोन केला. म्हणालो, लग्न धरायचं नाही, मुलगी पुढची भरती देणार आहे. व्यंकटराव म्हणाले, "आन् तुमी शब्द दिलता त्याचं?" म्हणालो, शब्द मी दिला होता, मुलीनं नाही.
ते बरंच बोलले. ऐकून घेतलं. भक्ती दारात उभी होती.