पेवाच्या तोंडाशी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ६ नोव्हेंबर २०२४

ती. शरणम्मा आत्यास,
गुरुशांतचे शरणु शरणार्थ. वि. वि.

दिवाळीच्या शेंगापोळ्या पोचल्या. तुझ्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या बाबांनी, पहिल्याच दिवशी अर्धा डबा संपवला आणि आईनं विचारल्यावर माझं नाव पुढं केलं. तुझं कानातलं मशीन अजून साखरेच्या डब्यामागंच असणार, तेव्हा फोनवर ओरडण्यापेक्षा हे पत्र बरं. शिवाय आज एक कबुली द्यायची आहे, ती तुझ्यासमोर बसून मला जमली नसती.

पुण्याच्या ज्या कंपनीचं काम मी घरून करतो, ती मोबाईलवरचे खेळ बनवते हे तुला ठाऊक आहे. नवा खेळ एका कल्पनेतल्या जगात घडतो. त्या जगात सगळ्यात आधी कोण माणसं होती, कुठून आली, कशी राहत होती, हे लिहायचं काम माझ्याकडं आलं. पंधरा दिवस काही सुचलं नाही. सोळाव्या दिवशी मी काळरानाचं जग लिहून काढलं. होय, तुझंच. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवसेला, रानात कडब्याच्या कोपीत आम्हां पोरांना बसवून तू सांगायचीस, तेच. पेवातून वर आलेले पेवाळे, वाऱ्यामागून आलेले वाऱ्याळे, नदीच्या डोहातून निघालेले डोहकर. तुला न विचारता घेतलं, हा गुन्हा कबूल.

पण आत्या, सगळ्यांना फार आवडलं गं! अभिमन्यू म्हणून आमचा साहेब आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला आधी पेव म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. जमिनीखाली घागरीसारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत ज्वारी भरून वर शिळा बसवून लिंपायची, असं मी चित्र काढून सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून उठलाच. सात पानं सोबत पाठवतो. सुरुवातीला एकच बदल केलाय. तुझ्या गोष्टीत सगळे पेवाच्या तोंडाशी वाट बघत बसतात, ते जरा रेंगाळतं. माझ्यात वीर शिळा उचलतो, दिवटी नावाची मुलगी दिवा विझला म्हणून सांगते, तो हसतो, उडी मारतो आणि पेवाळ्यांना वर घेऊन येतो.

एकतीस डिसेंबरला मजकूर पक्का होणार. तोवर तुझा आशीर्वाद हवा. रागावशील, पण थोडंच रागव.

तुझा लोभ हक्कानं मागणारा,
गुरुशांत


॥ श्री ॥
मंगळवेढा, १३ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुशांत यास अनेक आशीर्वाद. रागात लिवलेत, तरी घे.

चोरी केलीस ती केलीस. इचारलं असतंस तर मी न्हाय म्हणाले असते हे तुला पक्कं ठावं हुतं, म्हणून इचारलं न्हायीस. अगदी बापावर गेलायस. पस्तीस वर्सं अंगणवाडीत पोरं सांभाळली, पण असला बेरकी एक निघाला न्हाय.

आणि घेतलंस ते तरी नीट घ्यायचं की! पहिल्याच पानावर सगळी जमात मारलीस रे! पेव उघडलं की त्याच दिशी कोण उतरतंय? आत वर्सानुवर्स कोंडलेली इषारी वाफ असती. शिळा काढून दोन दिस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरंल. विझला तर गुमान बसायचं. मंगळवेढ्यातल्या शेंबड्या पोरालाबी हे ठावं हुतं. तुझा उडी मारणारा वीर बुडाशी पोचायच्या आधीच गार झाला असता, आणि तुझा खेळ तितंच संपला असता.

बाकी चुका सांगते. डोहकरांच्यात भांडण झालं की दोघांनी एकाच डोहात गळ्यापर्यंत उभं ऱ्हायचं असतं. तू गुडघ्यापर्यंत लिवलंस. गुडघ्यापर्यंत पाण्यात माणूस आठवडाभर भांडंल. गळ्यापर्यंत गार पाणी लागलं की दात वाजतात, मग कोण भांडतंय? वाऱ्याळे घर बांधत न्हाईत, पण जिथं पोर जन्मलं तितं एक दगड ठेवतात आणि म्हातारपणी तो हुडकत येतात. ते तू गाळलंस. पेवाळ्यांच्या लग्नात दोन्ही घरचं बियाणं एका ओंजळीत घेतात आणि पुन्हा कुणीच ते येगळं करत न्हाय. हे बरोबर लिवलंस, तेवढी शाबासकी.

आता मुद्द्याचं. दिवटी सांगती आणि कुणी ऐकत न्हाय, असं तू लिवलंस. माझ्या गोष्टीत समदे तिचं ऐकत्यात. काळरानात राजा न्हाय, दिवा धरणारी पोरगी हाय. ती बसा म्हणाली की समदे बसत्यात. हे नीट केल्याबिगर माझं एकबी माणूस तुझ्या मोबाईलात जायचं न्हाय. आशीर्वादबी तवर माझ्याकडंच ऱ्हाईल.

जेवत जा वेळेवर. आईला सांग, कारळ्याची चटणी पाठवते.

तुझ्यावर डोळे वटारून बसलेली,
शरणम्मा आत्या


सोलापूर, २४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास गुरुशांतचे शरणु शरणार्थ.

तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं आणि ‘बापावर गेलायस’ या वाक्याशी बाबा उठून बाहेर गेले. डोहकर गळ्यापर्यंत बुडवले. वाऱ्याळ्यांचे दगड जागच्या जागी ठेवले. अभिमन्यूला दगडांचं इतकं आवडलं की आता प्रत्येक खेळणाऱ्यानं आपला दगड शोधायचा असं त्यानं ठरवलंय.

पेवाचं मात्र जमत नाही, आत्या. मी दोनदा विषय काढला. त्याचं म्हणणं असं की खेळात कुणी वाट बघत नसतं. लोक बोटं चालवायला येतात. दोन दिवस एका भोकाशी बसून माणसानं करायचं काय, असं त्यानं मला विचारलं. खरं सांगतो, मलाही त्याचं थोडं पटलं. वीरानं उडी मारली की अंगावर काटा येतो. आणि शेवटी ती गोष्टच आहे ना? तूच दर वर्षी त्यात काहीतरी भर घालायचीस. मग एवढ्या एका जागी का अडून बसतेस?

माझी अडचणही समजून घे. हे काम नीट पार पडलं तर पुढच्या खेळाचं सगळं लेखन माझ्याकडं येणार आहे. तू नाही म्हणालीस तर मी सातही पानं मागं घेईन. खरंच घेईन. पण कारण तरी सांग.

तुझ्या होकाराची वाट बघत,
गुरुशांत


॥ श्री ॥
मंगळवेढा, २ डिसेंबर २०२४

चि. गुरुशांत यास अनेक आशीर्वाद.

गोष्टच हाय की, असं तू लिवलंस. व्हय, गोष्टच हाय. ती का केली ते आजवर कुणी इचारलं न्हाय, म्हणून सांगितलं न्हाय. तू इचारलंस, तर आता वाच.

तुझ्या बापाला एवढंच ठावं हाय की थोरला भाऊ तिप्पण्णा तापानं गेला. तवा तुझा बाप, आमचा संगप्पा, पाच वर्सांचा हुता, त्याला तसंच सांगितलं. अण्णा तापानं गेला न्हाय. बहात्तरचं साल हुतं. आमचे बाबा दुष्काळी कामावर खडी फोडाया गेलेले. घरात पीठ न्हवतं. परसात आज्जानं भरलेलं एक पेव हुतं, आठ वर्सं बंद. मी परवा आलो की उघडू, असं बाबा सांगून गेले हुते. अण्णा अठराचा, त्याला कुटला दम? संगप्पा भुकेनं रडत हुता आणि अण्णाला ते बघवत न्हवतं. त्यानं सकाळीच पहार घेऊन शिळा सरकवली.

दिवा सोडायचं काम माझं. मी बारा वर्सांची. मी दोरीनं कंदील सोडला, तो निम्म्यावर जाऊन विझला. मी म्हणाले, अण्णा, दिवा विझला. तो हसला. तुझा हात हालला असंल म्हणाला. परत लावला, परत विझला. मी म्हणाले, बाबा सांगत्यात तसं दोन दिस बस की. तो म्हणाला, दोन दिस बसून करायचं काय. आणि उतरला.

पुढचं लिवत न्हाय.

मला कुणी बोललं न्हाय. पण मी हळू बोलले, हे मला ठावं हाय. मोठ्यानं वरडायला पायजे हुतं, पायाला मिठी मारायला पायजे हुती. अण्णाला गोष्टींचं लई याड. बाजारात कुणी गोष्ट सांगाया लागला की हा जेवण इसरायचा. त्या दिशी माझ्यापाशी एकबी गोष्ट न्हवती. असती तर तो बसला असता. म्हणून मागनं मी करत गेले. पेवाळे केले, मग वाऱ्याळे, मग डोहकर. त्यांची लग्नं, त्यांची भांडणं, ते कुटनं आले ते समदं. दोन दिस पुरंल एवढी गोष्ट झाली तवा माझी पन्नाशी उलटली हुती.

तुझा साहेब इचारतो, करायचं काय. अण्णानंबी तेच इचारलं हुतं. आता तू ठरव. पानं मागं घे म्हणून मी सांगत न्हाय. फकस्त एकदा तरी त्या पोरीचं कुणी ऐकू दे.

संगप्पाला हे दाखवायचं तर दाखव. मी आता कशाला लपवू?

तुझी आत्या,
शरणम्मा


सोलापूर, २० जानेवारी २०२५

ती. आत्यास गुरुशांतचे शरणु शरणार्थ.

येळवसेला आलो नाही, उत्तरही दिलं नाही. तू काय काय म्हणाली असशील ते मला इथं बसून ऐकू येत होतं. पण काम पुरं केल्याशिवाय तुला तोंड दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तुझं पत्र बाबांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, भुकेनं मी रडत होतो म्हणून गेला का तो? मी म्हटलं, बाबा, तुम्ही पाच वर्षांचे होता. ते रडले, आणि मीही रडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतः चहा करून दिला आणि बजावलं की अक्कानं सांगितलंय तसंच झालं पाहिजे, साहेबाला काय सांगायचं ते सांग.

मी अभिमन्यूला घरातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की करायचं काय याचं उत्तर सापडलंय, आणि ते खेळात येणार नसेल तर सातही पानं परत द्यावीत, मी दुसरं काम बघेन. माझा आवाज चढला असावा, कारण त्यानं आधी मला पाणी प्यायला सांगितलं.

आता ऐक. शिळा काढली की दिवटी सांगते, दिवा विझला. उडी मारायची की बसायचं, ते खेळणाऱ्याच्या हातात. उडी मारली की पडदा काळा होतो, वर नुसती दोरी हलत राहते, आणि खेळ पहिल्यापासून. बसलं, तर एकेक जण पेवाच्या तोंडाशी येऊन बसतो. वाऱ्याळ्यांची म्हातारी येते आणि आपला दगड कुठं आहे ते सांगते. डोहकर थंडीनं कुडकुडत येतात आणि एकमेकांच्या तक्रारी करतात. कोण कुठून आलं, कसं जगलं, सगळं तुझ्याच क्रमानं. म्हणजे मूळ कहाणी कळते ती फक्त बसणाऱ्याला. खेळातले दोन दिवस म्हणजे आपली बावीस मिनिटं.

बावीस मिनिटं कोण बसणार, यावर आमचे चार दिवस गेले. शेवटी आमच्यातल्याच दहा जणांना खेळायला द्यायचं ठरलं. आत्या, दहाच्या दहा जणांनी उडी मारली! अभिमन्यूनं तर तीन वेळा. चौथ्यांदा चिडून बसला, आणि मग त्याचा चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. बावीस मिनिटांतलं एकही कापायचं नाही, असं त्यानंच सगळ्यांना कळवलं. तारीख पंधरा दिवस पुढं गेली, ती त्यानं स्वतःच्या अंगावर घेतली.

वीराला मी दिलेलं वज्रकेतू हे नाव काढून टाकलं. आता नाव ज्याचं त्यानं घालायचं.

शेजारच्या भुवनेश्वरी वहिनींच्या मोबाईलवर खेळ पाठवलाय. त्या तुला लावून देतील. अक्षरं मोठी केली आहेत. बघ, आणि चुका काढ.

माझा आशीर्वाद तुझ्याकडं आहे, तो आता पाठव.
गुरुशांत


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मंगळवेढा, ३ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत यास अनेक उत्तम आशीर्वाद. मागं थकलेलेबी सोबत हाईत.

ज्वारी हुरड्यावरनं पुढं गेली, आता ये तरी कशाला म्हणू? पुढल्या साली मात्र कारण सांगितलंस तर मी सोलापूरला येऊन कान धरीन.

रविवारी दुपारी भुवनेश्वरी मोबाईल घेऊन आली. अक्षरं मोठी हाईत, पण मी कानातलं मशीनबी काढून बसवलं. म्हटलं, त्या पोरीचा आवाज तर ऐकावा. लई मोठ्यानं वरडती की रे! भुवनेश्वरी दचकली. बरं केलंस. असंच पायजे हुतं.

आधी नाव घाला म्हणून आलं. भुवनेश्वरी माझं नाव घालत हुती. मी तिला थांबवलं आणि तिप्पण्णा घालायला लावलं.

दिवटी वरडली, दिवा विझला. खाली दोन खुणा आल्या, उडीची आणि बसायची. बोट चुकीच्या जागी पडंल म्हणून मला भ्या वाटलं. मग बसवला त्याला. भुवनेश्वरी म्हणाली, आत्या, मधलं पुढं ढकलता येतं. मी तिचा हात धरून ठेवला. वाऱ्याळ्यांची म्हातारी आली. डोहकर आले, गळ्यापर्यंत भिजलेले. एक चूक सापडली, पेवाळ्यांच्या लग्नात तू नवऱ्याला फेटा बांधलास, त्यांच्यात फेटा नसतो. बाकी समदं माझंच हुतं, आणि तो ऐकत बसला हुता.

दुसरा दिस उजाडला. दिवा सोडला, तो जळतच ऱ्हायला. मग तो उतरला. मी मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. भुवनेश्वरी म्हणाली, आत्या, सोडा की, त्याला काय हुतंय. मी सोडला न्हाय.

वर आला रे पोरा. अंगाखांद्याला ज्वारी चिकटलेली, डोळे मिचकावत वर आला. मागनं पेवाळे आले, पण मी त्यांच्याकडं बघितलंबी न्हाय. बावन्न वर्सांनी वर आला. मी लई रडले. भुवनेश्वरी घाबरून गूळ-पाणी घेऊन आली.

शेंगापोळ्या पाठवते. डबा संगप्पाच्या हातात दे, पुरा खाल्ला तरी बोलू नको. आणि त्याला सांग, अण्णा दोन दिस बसला हुता. माझं ऐकून बसला हुता.

तुमा बापलेकांची,
शरणम्मा