आईंचा नवस, ह्यांचा खांदा

१० फेब्रु., सौंसर

लग्नानंतर पहिल्यांदा पचमढीला निघालो तेव्हा मामाजी, माझे सासरे, म्हणाले होते, "भस्मासुराच्या भेवानं महादेव तिथं लपाले गेला होता, सुनबाई. आपण कायले मिरवत जाव?" आज ते असते तर... आई ऐकायच्या तर त्यांचंच.

लोहारानं त्रिशूल आणून दिला. ह्यांच्या उंचीचा. आईंनी हळदकुंकू लावलं.

गेल्या वर्षी नागपूरला ह्यांच्या हृदयात स्टेंट टाकला, तेव्हा दवाखान्याच्या दाराशी आई बोलून गेल्या: पोरगा वाचला तर स्वतःच्या खांद्यावर त्रिशूल घेऊन पचमढीचा चौरागड चढेल. वाचला, म्हणून चढायचं. डॉ. म्हणतात, चढ नको. ही गोष्ट ह्यांनी आईंना सांगितलेलीच नाही. मलाही सांगू देत नाहीत.

१३ फेब्रु., तामिया

त्रिशूल गाडीच्या टपावर, गोधडीत. आमच्याकडे एकदा उचलला की वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत.

चहाला थांबलो. मोहगावचा कुणी ह्यांना म्हणाला, "काय भाऊ, लोखंडाचा आहे का बांबूले रंग देल्ला?" हे हसले. "उचलून पाहा ना बे!"

गोळी घेतली का, विचारलं. डोळे वटारले. आई शेजारीच होत्या.

१४ फेब्रु., पचमढी

सकाळी तळ्यावर. पाण्यात डोंगर उलटे. सगळे फोटो काढत होते, मी चौरागड कुठल्या अंगाला ते शोधत होते.

मग पांडवगुंफा. पायऱ्या थोड्याच. मधेच हे खाली वाकले. म्हणाले, बुटाची नाडी सुटली. पायात चपला होत्या.

आई वरून, "द्रौपदी चढली, तुले काय झालं रे?"

खोलीत म्हटलं, मी घेते त्रिशूल. "आईनं माह्या नावानं नवस बोलला. मले काही झालं तं महादेव पाहून घेईल."

"आणि मी?"

ह्यांनी टीव्ही लावला.

१५ फेब्रु., महाशिवरात्र, चढाच्या पायथ्याशी

हे महादेवाच्या गुंफेत, दर्शनाच्या रांगेत. आई दगडावर, त्रिशूल मांडीवर आडवा. पात्यावरून हात फिरवून राहिल्या, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मी आईंना सांगितलेलं ह्यांना कळलं तर महिनाभर बोलणार नाहीत. न बोलोत. घरी असतील ना.

आई काय म्हणतील ठाऊक आहे. "माहा शब्द महादेवाले गेला, वापस कसा घेऊ वो?"

तरी उठते. आधी डॉ.चं सांगते. मग म्हणते — आई, तुम्ही बोललात, तुम्हीच बदला. त्रिशूल माझ्या खांद्यावर द्या.