यंदाच्या करंज्यांची मुरड

महाराजपूर, जबलपूर
१५ ऑक्टोबर २०२५

ती. यामिनीताईंस,
विनताचा सा. न. फराळाचा डबा सोबत आहे, तेव्हा पत्र आधी वाचाल अशी आशा नाहीच.

यंदा करंज्यांना मुरड घातली आहे, लग्नानंतर तुम्ही शिकवली होती अगदी तशी. गेली पाच वर्षं बोटं आखडायची म्हणून नुसतं कातण फिरवायची, अन् तुमचे बंधू त्यांना समोसे म्हणायचे. यंदा चार खाऊनही गप्प आहेत! सराफ्यातून सैल करून आणलेली अंगठी तर आता बोटातून घसरून राहिली. तब्येत झकास.

करंज्या संपल्या तरी लोभ संपू देऊ नका.
तुमची भावजय,
विनता

नागपूर
२० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विनतास अनेक आशीर्वाद.

मुरड पाहून जीव हरखला, आणि लगेच काळजी लागली. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ती हार्मोनची गोळी सुरू झाली, तेव्हापासून तुझी बोटं सकाळी वळत नव्हती. डॉक्टरबाईंनी पाच वर्षांची सात केली, तेव्हा फोनवर रडली होतीस. मग बोटं एकाएकी मोकळी कशी झाली गं? खरं सांग, गोळी घेऊन राहिली की नाही? श्रीपादला विचारण्यात अर्थ नाही, त्याला करंजीतलं फक्त सारण दिसतं.

अंगातून निघणाऱ्या वाफा, दुखरी हाडं, सगळं तू सोसतेस. ठरवायचंही तूच. पण डॉक्टरांना न विचारता काहून? मला मुरड नको, तू पाहिजेस.

उत्तर येईपर्यंत उरलेल्या करंज्यांना हात लावणार नाही. मुंग्या लागल्या तर पाप तुझ्या डोक्यावर.
चिडलेली, तरी तुझीच,
यामिनी

जबलपूर
२९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईंस सा. न.

पकडलंत! नवरात्राच्या आधीच बंद केली होती. एक दिवाळी तरी जुन्या हातांनी करावी असं फार वाटलं हो. घरात कुणाला बोलले नाही. तुमचं पत्र यांच्या हातात दिलं, तर यांनी लगेच रिछाईच्या कारखान्यात फोन करून सुट्टी घेतली आणि मला स्कूटरवर बसवलं.

डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग नीट समजावलं. माझा आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता, म्हणून तो परतू नये यासाठी ही दोन वर्षं माझ्या फायद्याची. पण हाडंही थोडी झिजली आहेत, हे त्यांनी लपवलं नाही. त्याच जातीची दुसरी गोळी देऊन पाहू म्हणाल्या. कुणाला ती मानवते, कुणाला नाही. घ्यायची की नाही ते माझ्यावर सोडलं. घरी येऊन खूप रडले, बोटांकडे पाहत बसले. मग ठरवलं. चलो, सुरू केली.

आता करंज्या खा, मुंग्यांचं पाप मला नको.
तुमच्या रागाचीही लोभी,
विनता

नागपूर
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. विनतास आशीर्वाद.

माझ्या वाढदिवसाचा डबा पोचला. दोन करंज्यांना जाडजूड, वेडीवाकडी मुरड आहे. ती श्रीपादची, हे सांगायला नको. एक तर तळतानाच उलगडलेली दिसते. त्याला म्हणावं, शिकायला नागपूरला ये.

बाकी सगळ्या कातणाच्या. म्हणजे गोळी चालू आहे. बोटं दुखत असतील, ते वाचून नाही, पाहूनच कळलं, आणि वाईट वाटलं. तरी देवापुढे नैवेद्याला मी कातणाचीच ठेवली.

असेच समोसे पाठवत राहा. माझा सगळा लोभ आता त्यांच्यावर आहे.
तुझी,
यामिनी