माईची पत्रं

९ फेब्रु. ८७, सोम. डिचोली
घरून, हळर्णहून, सकाळच्या बसने थेट पाळीच्या खाणीवर, लॅबमध्ये. खनिजाचे नमुने साचले होते. लक्ष मात्र शनिवारच्या टपालात. पोस्टमनने ओसरीवर पाकीट पुढे केलं. दादाने पत्ता पाहिला, "घेत नाय" म्हणून परत दिलं. मला म्हणाला, चुकीचं आलंय. पाकिटावर वेड्यांच्या इस्पितळाचा शिक्का होता. तिथे आमचं एकच माणूस आहे. माई, आमची मोठी बहीण, गेल्या पावसाळ्यापासून आत. दादा सांगतो, तिला आता लिहिता येत नाही.
आज बस पकडताना पोस्टमन भेटला. "हें पयलें न्हय, बाय. तुजो दादा सगळीं परत धाडता."

१५ फेब्रु., रवि.
इस्पितळात जाऊन आले. दादाला न सांगता.
वॉर्डच्या मुख्य सिस्टर मडगावच्या, वयस्क. नियम सांगितला: पेशंटचं पत्र वाचल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि दाखल करताना ज्याने सही केली त्यालाच जातं, म्हणजे दादाला. "म्हाका देवनागरी येना. मराठी पत्रां दोतोराक दितां." डॉक्टर केरळचे. त्यांनाही येत नाही. म्हणजे मराठी पत्र कोणी वाचू शकत नाही, म्हणून जात नाही. खरं, की सोयीचं? ती पत्रं दाखवा म्हटलं. दाखवली नाहीत.
म्हणून माई शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, कोकणीत लिहून घेते; ती सिस्टरना वाचता येतात. तीच पत्रं दादा परत करतो.
माई औषधांनी सुजलीय. केस कापलेत. बोलणं सरळ. सगळ्यात आधी विचारलं, "तू माझी पत्रां वाचलंस, काय तुवांय परत केलंस?"
मला एकही मिळालं नाही, म्हणाले. तिने मान हलवली. विश्वास बसला नसावा. तिच्या जागी मी असते तर माझाही...

१८ फेब्रु., बुध.
दादा बाजारासाठी डिचोलीत. हॉटेलात बसून विचारलं. नाकारलं नाही. "मराठी राजभाशा करात म्हणून मोर्च्यांत घसो सुकयलो, आनी घरांत रोमी कोंकणी पत्रां घेवं? ती आमची माई न्हय. कोणेंय लिवचें, सही माईची."
मी म्हटलं, मी भेटून आले, माईनेच सांगून लिहवून घेतलीत. तो चहा बशीत ओतत म्हणाला, वास्कोची मंडळी रविवारी तुला पाहायला येतात, मुलगा बंदरात इंजिनियर, तोवर इस्पितळाचं नाव नको.
तर मग अडचण लिपीची, की स्थळाची? दोन धातू एकत्र असले तर वेगळे करायची रीत मला येते. इथे येत नाही. वैनीला यातलं काही माहीत नाही, असं वैनी म्हणते.

२२ फेब्रु., रवि. हळर्ण
मंडळी आली. मुलाच्या आईने विचारलं, भावंडं किती? दादा म्हणाला, आम्ही दोघंच.
"तिघं," मी म्हणाले. मोठी बहीण कुठे आहे तेही सांगितलं.
बाकीचं बोलणं पेडण्याच्या रस्त्यांबद्दल झालं. मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहत होता. का, ते कळलं नाही. "कळवतो" म्हणून गेले.
वैनी स्वयंपाकघरात: "मुद्दाम केलंस." असेल.
दादा बसपर्यंत सोडायला आला नाही.

३ मार्च, मंगळ.
रजा. डॉक्टर भेटले. इंग्रजीत बोलले, आवाज न चढवता. माईला मागेच सोडता आलं असतं. पत्रं परत येत राहिली, म्हणून फाइलवर 'घरच्यांना नको' असा शेरा पडला. तो कोणी मारला, ते सांगितलं नाही. सोडायला माझी सही चालेल, म्हणाले.
मग कपाटातून मराठी पत्रं काढली. सगळी माझ्या नावाची. मी म्हटलं, आधी माईला द्या, तिची आहेत. माईने उशीखाली सारली. "आतां कित्याक वाचतलंस? मागीर तोंडानच सांगतलंय." नंतर तोंडीच सांगणार.
पाकिटं फोडलेली होती. कोणालाच वाचता येत नव्हतं, तर फोडली कोणी आणि कशाला? सिस्टरना विचारलं. त्या खिडकीचे पडदे सारखे करू लागल्या.
सही केली. पत्ता डिचोलीच्या खोलीचा दिला. शुक्रवारी न्यायला या म्हणाले.
घरमालकीणबाईंना अजून विचारलेलं नाही. एका माणसासाठी दिलेली खोली. इस्पितळाचं सांगावं, की नुसतं बहीण येतेय म्हणावं? नुसतं बहीण म्हटलं, तर दादात आणि माझ्यात फरक काय उरला?