करवंटीतलं पीठ

मंगळवार, संध्याकाळ

गणेशगुडीच्या लॉजवर वडे माझ्याच हातचे. आज मॅनेजरनं वजनकाटा आणला. म्हणाला, "मावशी, पीठ करवंटीनं मोजू नका, ग्रॅममध्ये लिहून ठेवूया. मग कुणीबी करील."

कुणीबी? मग मी कशाला?

त्यानं करवंटी चमच्यानं भुरभुर भरली, वजन केलं, आकडा भिंतीवर चिकटवला. मी पीठ अंगठ्यानं दाबून भरते. त्यानं इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. वर स्वतः चहा आणून दिला. कधी न्हवं ते आजच का? आन् न मागता उद्याची सुट्टी!

घेते की. उद्या ते कुणीबी पाणी माझ्याएवढंच घालील, पीठ कमी पडंल, वडे थापताना पानाला चिकटतील.

फोन जवळच ठेवणार हाय. पहिल्यांदा वाजला तर उचलायची न्हाई.