मानेवरचा मळ

९ जून, सोमवार
आजपासून लिहायचं. नातीने, संस्कृतीने, तिची अर्धी कोरी वही दिलीय. शिकले चौथीच, पण माझं अक्षर सूनबाईपेक्षा, तनुजापेक्षा, बरं आहे. संस्कृती नववीत गेली. कशी भरलीय पोरगी. तिच्या वयात मी लोणी काळभोरला शेणाच्या पाट्या उचलायची, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी. हिचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. टेलर म्हणाला, शाळेचा ड्रेस आता कॉलेजच्या मापाचा शिवावा लागेल. ऐकून बरं वाटलं.

१७ जून, मंगळवार. सकाळी साडेसात
तनुजाचा हुकूम, डब्यात फक्त पोळीभाजी. मी हो म्हटलं. तूप लावलं, ते पोळीतच आलं. दोन बेसनाचे लाडू रुमालात बांधून दप्तरात टाकले, ते डब्यात नाहीत. शाळा, मग क्लास, घरी यायला रात्रीचे आठ. पूर्वी सोसायटीत पोरं खेळायची, आता तिथे गाड्या उभ्या असतात. खेळायला नाही, निदान खायला तरी मिळावं.

२२ जून, रविवार
संस्कृतीच्या मानेवर काळं साचलंय. मळच. हल्लीच्या पोरींना घासून अंघोळ करायला नको. डाळीचं पीठ, दही, लिंबू लावून अर्धा तास चोळलं. मान लाल झाली, काळं तसंच. रडली नाही. मी खरंच घाणेरडी आहे का, एवढंच तिने विचारलं. वर्गातल्या मुली म्हणतात म्हणे. म्हटलं, पुढच्या रविवारी निघेल.

३ जुलै, गुरुवार
लिफ्ट बंद. तीन मजले चढून पोरीला धाप लागली. दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तर ठसकासुद्धा नाही, म्हणजे केवढी दृष्ट. तनुजाने गॅसवरची चिमणी चालू ठेवली होती, पण त्याने काय होतंय. चार महिने पाळी आलेली नाही, ते मला माहीत आहे. तनुजाला बोलले नाही, उगाच घाबरते. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. त्यांची नात काडी आहे, त्यामुळे.

११ जुलै, शुक्रवार
तनुजाने नेलंच. मीही गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहे. मान बघून म्हणाली, हा मळ नाही. शरीराला साखर झेपेनाशी झाली की कातडी अशी होते, घासून जात नाही. रिपोर्टमध्ये शुगर काठावर, लिव्हरवर चरबी. पाळीचंही त्यातूनच. चौदा वर्षांची पोर. वेळीच सावरलं तर सुधारेल म्हणाली.
मग तिने विचारलं, जास्तीचं खायला कोण देतं. तनुजा माझ्याकडे बघत नव्हती.
संस्कृती म्हणाली, "मीच घेते. चोरून."
माझ्यासाठी खोटं बोलली. केवढी माया.

१३ जुलै, रविवार
आता डाएटचं सगळं मीच बघणार. सकाळी उठून ज्वारीची भाकरी, बिनतेलाची मेथी, काकडी. तुपाची बरणी उघडलीसुद्धा नाही. ताट घेऊन तिच्यापुढे बसले. तिने ताट हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.
"आजी, आजपासून तू नको वाढूस. तू वाढलंस की मला नाही म्हणता येत नाही."
आणि ताट घेऊन आईजवळ जाऊन बसली.
माझे गुडघे दुखतात, म्हणून म्हणाली असेल.
दुखतात, असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.