चौथ्या अंकातला लवू

॥ श्री ॥
परळ, ता. १५ जानेवारी १८९४

चिरंजीव तुळशीदास यास, ताईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, तुझी खुशाली कळली.

राधाबाईंच्या पत्त्यावर पत्र घालतोस ते शहाणपण करतोस. शेजारीण असावी तर अशी. आपल्या दारी आलं असतं तर सासूबाईंनी ते पाणी तापवायला चुलीत सारलं असतं. नाटक्या भाऊ, आणि तोही लुगडं नेसून राण्या वठवणारा, हे त्यांच्या घशाखाली अजून उतरत नाही. इकडूनही तुझं नाव घरात काढायचं नाही असं बजावणं झालं आहे. म्हणून तुझं ठाकूरद्वार काही काशीइतकं लांब नसलं, तरी आपली भेट ही अशी कागदावर.

तू विचारलंस की भरली कळशी कमरेवर घेतलेल्या बाईला मागून हाक आली तर ती कशी वळते. ती मान वेळावत नाही रे. आधी पाय थांबतात, मग ती आख्खीच्या आख्खी वळते, नाहीतर पाणी लवंडून लुगडं भिजतं. मागल्या नाटकात तू म्हणे मान वेळावलीस आणि खाली पिटात बसणाऱ्या लोकांनी टाळ्या दिल्या. देतील नाही तर काय, त्यांनी जन्मात पाणी भरलंय कुठे. आणि सासरा समोर आला की पदर ओढायचा नसतो, तो ओढलेलाच असतो. नुसता हात वर जाऊन चाचपून येतो. एवढं लक्षात ठेवलंस की तू माझ्याहून बरी सून होशील.

मी नवीन काही रचते का म्हणून दर पत्रात विचारतोस. नाही. माझा लवू गेल्यापासून जात्यावर बसते ती मुकाट दळते. बायका बारशाला बोलावतात, मी घसा बसलाय म्हणून सांगते. तीन वर्षं माझा घसा बसलेला आहे.

येत्या रविवारी दुपारच्या खेळाला यायचं मी नक्की केलं आहे. गिरगावात हळदीकुंकू आहे असं घरी सांगायचं राधाबाईंनी कबूल केलंय. चौथ्या अंकाबद्दल मला काही विचारणार नाहीस, नुसतं पाहा म्हणतोस, तर पाहीन. वाईट नेसलास तर मात्र परळला परतल्यावर सविस्तर लिहीन.

प्रकृतीस जप, ताईवर जीव आहे तसा असू दे.
तुझी मंजुळाताई


॥ श्री ॥
परळ, ता. २२ जानेवारी १८९४

तुळशीदास यास, आशीर्वाद.

काल मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. राधाबाई सांगतात की भायखळ्याला चालत्या ट्राममधून मी खाली पाय टाकला होता आणि त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. अक्षर लागलं नाही तर लावून घे.

तीन अंक मी मजेत पाहिले. कळशी घेऊन तू बरोबर वळलास तेव्हा राधाबाईंना कोपरखळी मारून सांगितलं की हे माझं. मग चौथा अंक आला. वनवासातली राणी, मांडीवर आजारी पोर. तू तोंड उघडलंस आणि पायपेटीवर माझीच ओवी आली:

हळू ये रे वाऱ्या, नको वाजू पाना,
आत्ता माझा तान्हा निजलासे.

ती मी लवूसाठी रचलेली. म्हटलं असू दे, मामाने भाच्याची ओवी म्हटली तर काय बिघडलं. पहिल्या कडव्यांत पोर हातपाय हलवत होतं, तू त्याला हसवत होतास. मग शेवटच्या कडव्याला ते गेलं. आणि तू तुझं बोट त्याच्या मुठीत घातलंस. मूठ धरेना. तेव्हा दुसऱ्या हाताने तू त्याची बोटं एकेक करून आपल्या बोटावर मिटलीस आणि तसाच बसलास.

तुळशा, लवूची बोटं मी अशीच मिटली त्या वेळी खोलीत तू, मी आणि तो. इकडची स्वारी गिरणीच्या हापिसात होती, सासूबाई देवळात. घरी येणं झालं तोवर शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. मुठीची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, इकडेही नाही. सासूबाई अजून चारचौघींत म्हणतात की हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी ऐकून घेते आणि तरी सांगत नाही, कारण ती एवढीच माझी आणि लवूची उरली आहे. ती तू भर थिएटरात ग्यासच्या दिव्यांखाली मांडलीस. माझ्या शेजारची जरीकाठी बाई नाक शिंकरत म्हणाली की पोर काय सुरेख गेलं.

आणि मग लोक ओरडले. मला शब्दच कळेना. राधाबाईंनी सांगितलं की वन्स मोअर म्हणजे पुन्हा करा. काही फार आवडलं की मागायची रीत आहे. मला वाटलं तू रागावशील, निघून जाशील. तू पदर सारखा केलास, पोर नीट मांडीवर घेतलंस आणि पहिल्यापासून सुरू केलंस. ते झाल्यावर पुन्हा ओरडले, तू पुन्हा केलंस. एका दुपारीत माझा लवू तीनदा गेला आणि तू तिन्ही वेळा लवून मुजरा केलास.

हा माझा भाऊ, ज्याला मी भरवलं, असं मनाशी म्हणत राहिले आणि ते काही केल्या पटेना.

ती मूठ काढून टाक. नाही काढलीस तर मला भाऊ नाही असं मी समजेन, आणि हे रागाच्या भरात लिहिलंय असं तू समजू नकोस.

मंजुळा


॥ श्री ॥
ठाकूरद्वार, ता. २५ जानेवारी १८९४

तीर्थरूप सौ. ताईचे सेवेशी, बालक तुळशीदासाचे साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी तालमीला गेलो नाही, ताप आहे म्हणून कळवलं. मला वाटलं होतं की तू ओळखशील आणि तुला बरं वाटेल. इतका मी गाढव. तुला तिथे बसवून ते दाखवताना तुझं काय होईल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, आणि आता तोच सुटत नाही.

कसं झालं ते सांगतो. आमचे मालक दौलतराव, ते स्वतः पूर्वी राण्याच करायचे. त्यांनी मला शिकवलं की केस सोड, ऊर बडव, धाडकन पड. मी तसं केलं. तबलजी जांभई देत होता. मग दमून मी ते चिंध्यांचं पोर, ज्याचे हातपाय मी पदराआडून हलवतो आणि हसूही मीच काढतो, मांडीवर घेऊन नुसता बसलो, आणि माझं बोट आपलं आपण त्याच्या मुठीकडे गेलं. मी ठरवलं नव्हतं ग. तालीम थांबली. दौलतरावांनी तोंडातलं पान थुंकलं आणि विचारलं की हे कुठून आणलंस. मी म्हटलं, सुचलं.

ती तुझी आणि लवूची आहे म्हणतेस. ताई, मीही त्या खोलीत होतो. दाराला टेकून उभा होतो आणि मला जवळ यायचा धीर झाला नाही. त्यानंतर तुमच्या घरात घास उतरेना म्हणून मी पळालो आणि या कंपनीत शिरलो. लोक म्हणतात नाटकाचं वेड लागलं होतं. बायकांच्या शंभर लकबी मी तुला विचारून घेतल्या. ही एकच न विचारता घेतली, कारण विचारली असती तर तू नाही म्हणाली असतीस.

वन्स मोअर नटाच्या हातात नसतं. नाकारलं तर लोक खुर्च्या मोडतात, पुढल्या खेपेला येत नाहीत, आणि मालक दुसरा नट बघतात. पण मूठ माझ्या हातात आहे. काढ म्हणालीस तर काढतो. मग राणी केस सोडून धाडकन पडेल. तू सांगशील ते.

या पोरावरचा हात काढून घेऊ नकोस, एवढीच भीक.
तुझा तुळशीदास


॥ श्री ॥
परळ, ता. २ फेब्रुवारी १८९४

चि. तुळशीदास यास, अनेक आशीर्वाद.

राणी धाडकन पडेल हे वाचून मला हसू फुटलं आणि मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला. दाराला टेकून तू उभा होतास हे मला ठाऊकच नव्हतं रे. खोलीत होतास एवढंच ठाऊक होतं.

खूप विचार केला. माझ्या ओव्यांत तरी काय होतं? चाळीतल्या बायकांची सुखदुःखंच होती, आणि मी कुणाची परवानगी घ्यायला गेले नव्हते. तुझं बोट आपलं आपण गेलं म्हणतोस, ते मला समजतं. ओवीही अशीच येते, आपण फक्त जातं ओढायचं. पण दळण संपलं की ओवी संपते. जातं थांबवून कुणी बाईला पुन्हा म्हण म्हणून दटावत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. मूठ राहू दे. ती धाडकन पडण्यापेक्षा खरी आहे. पण तो एकदा गेला, त्याला एकदाच जाऊ दे. लोकांनी छत खाली आणलं तरी दुसऱ्यांदा करायचं नाही. मालक काय करतील ते करोत, तू माझ्या घरी येऊन राहा. इकडची समजूत मी काढीन, सासूबाईंशी भांडेन. रथसप्तमीच्या आत आणखी एक हळदीकुंकू काढता येईल असं राधाबाई म्हणतात. अकरा तारखेच्या रविवारी मी येते आणि शब्द पाळतोस की नाही ते डोळ्यांनी पाहते.

राग उतरला असं नाही, पण माया कमी झाली असंही नाही.
ताई


॥ श्री ॥
ठाकूरद्वार, ता. १२ फेब्रुवारी १८९४

तीर्थरूप सौ. ताईचे सेवेशी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळताच एक ओळ लिही. मला दुसरं काही नको.

मी शब्द पाळायला निघालो होतो, ते तू पाहिलंस. गाणं संपलं, मूठ मिटली आणि आरोळी उठली. मी पोर तसंच मांडीवर ठेवून हात जोडले. लोकांना वाटलं मी भाव खातोय. ते आणखी ओरडले, पाय आपटू लागले, पिटातून कोणीतरी नारळाची करवंटी भिरकावली ती पेटीवर आदळली. विंगेत दौलतराव दात खाऊन सांगत होते की आत्ता नाही केलंस तर उद्या वळकटी बांध. मी मानेनेच नाही म्हटलं. पेटीवाला माझ्याकडे बघत स्वर धरून बसला होता, त्यालाही मी थांब म्हणून खूण केली. हळूहळू दंगा बसत आला. पडदा पाडायला दोरीवाल्याने दोरी हातात घेतली. मला वाटलं, जिंकलो. ताईने पाहिलं असेल.

तेवढ्यात बायकांच्या जागेतून एकच आवाज आला. तेच दोन शब्द, बोबडे म्हटलेले. तिकडून आजवर कोणी ओरडलेलं नाही. लोक माना उंचावून बघू लागले. त्या आवाजाने मला रोज जेवायला हाक मारलेली आहे.

मग माझ्याने नाही म्हणवेना. मी पोर मांडीवर सावरलं आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. कसं केलं ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. दौलतराव रात्री पाठ थोपटून गेले की लोकांना ताटकळवण्याची ही युक्ती झकास आहे, रोज करत जा. सकाळपासून ते चिंध्यांचं पोर खुंटीला टांगलेलं आहे आणि माझ्याने त्याला हात लावेना.

ताई, ती तू होतीस का? नसलीस तर मला भास व्हायला लागलेत. आणि असलीस तर का? तूच मला एकदाच कर म्हणाली होतीस.

तुझा तुळशीदास


॥ श्री ॥
परळ, ता. १५ फेब्रुवारी १८९४

चिरंजीव तुळशीदास यास, ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

होय, ती मीच.

मी ओरडले हे मला आधी कळलंच नाही. राधाबाई पदर धरून खाली ओढत होत्या आणि पुढच्या सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा मला वाटलं की माझ्या मागे कोणीतरी ओरडलं म्हणून मीही मागे वळले. मागे भिंत होती.

मागच्या खेपेला रागाने माझे डोळे आंधळे झाले होते, म्हणून मला दिसलं नाही. लोक पुन्हा म्हणाले की तू पहिल्यापासून म्हणतोस, आणि पहिल्या कडव्याला तो जिवंत असतो. हातपाय हलवतो, तू हसवलंस की हसतो. मला फक्त तीनदा गेलेला दिसला, तीनदा परत आलेला दिसलाच नव्हता. रविवारी तू हात जोडून नाही म्हणालास, दोरीवाल्याने दोरी धरली, आणि तो तसाच पडून राहिला. तेव्हा ते तोंडातून गेलं. ती चिंध्यांची बाहुली आहे हे मला ठाऊक होतं रे. ठाऊक असूनही गेलं.

मी आता येणार नाही. आणखी एकदा आले तर दर रविवारी येईन आणि संसार उघड्यावर पडेल.

चाळीत मात्र बोभाटा झाला. राधाबाईंच्या यजमानांच्या कानावर गेलं, त्यांच्याकडून गिरणीत, गिरणीतून घरी. सासूबाईंनी दोन दिवस अन्न टाकलं. काल जेवण झाल्यावर इकडून मला समोर बसवून विचारणं झालं की थिएटरात तू का ओरडलीस. मी सगळं सांगितलं, मुठीचंही. मग एवढंच विचारणं झालं की त्या दिवशी सकाळी मी हापिसात निघालो तेव्हा तो हसला होता, नाटकात तसा हसतो का. मी म्हटलं, पहिल्या कडव्याला हसतो.

आज येत्या रविवारचं तिकीट काढून आणणं झालं आहे, पिटातलं, एकाचंच. तुला भेटायला आत येणं होईल असं समजू नकोस, आणि तूही बाहेर येऊ नकोस. मी तुला एकदाच कर म्हणाले होते ते परत घेते. पोर खुंटीवरून काढ. माणूस अबोल आहे, ओरडणं जमेल की नाही कोण जाणे. दुसरं कोणी ओरडलं नाही तर तू आपणहून पुन्हा पहिल्यापासून म्हण.

माया आमच्या दोघांवर असू दे.
तुझी मंजुळाताई